आयोडीनला आधी कोण गाठतं?

शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या बाजूला पूर्णा नदीचा खारपाणपट्टा आहे. तिथं कितीतरी हापशांचं पाणी खारट. साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही. म्हणून बऱ्याच गावांना वान धरणाचं पाणी नळानं येतं.

खाऱ्या पाण्यात नुसतं मीठच असतं असं नाही बरं का! थोडं ब्रोमाइड आणि त्याहून थोडं आयोडाइडही असू शकतं. गंमत या आयोडाइडची आहे.

गावच्या टाकीत जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकतात. तिच्यातला क्लोरीन जंतू मारतो. नळाच्या पाण्यात ओटी या तपासणीच्या द्रावणाचे थेंब टाकले की पिवळा रंग येतो, म्हणजे क्लोरीन तुमच्या घरापर्यंत पोचला. पण पाणी खारं असलं आणि वाटेत आयोडाइड भेटलं तर क्लोरीन क्षणात त्याचं हायपोआयोडस आम्ल करतो. हे आम्ल भारी चळवळं! पाण्यात कुजलेल्या पाल्याचा, शेवाळाचा अंश असला की त्याला जाऊन चिकटतं. त्यातून आयोडोफॉर्म होतं, दवाखान्यासारख्या वासाचं. आयोडोअ‍ॅसिटिक आम्लही होतं, आणि ते पेशींमधल्या डीएनएला इजा करतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे.

मग टीसीएल बंद करायची? मुळीच नाही! कॉलरा, कावीळ, गॅस्ट्रो यांना तीच अडवते.

हायपोआयोडस आम्लाला दुसरी वाटही आहे. त्याला आणखी ऑक्सिजन मिळाला की त्याचं आयोडेट होतं. हे आयोडेट कुणाला चिकटत नाही. आणि ते तुम्ही रोज खाता! आपल्याकडे आयोडीनयुक्त मिठात पोटॅशियम आयोडेटच घालतात.

म्हणजे सगळा प्रश्न वेगाचा. आधी पाला गाठतो की ऑक्सिजन? क्लोरीन त्याला ऑक्सिजन पुरवून आयोडेट करतो, पण रमतगमत, कधी तास लावतो. क्लोरीनमध्ये अमोनिया मिसळून केलेल्या क्लोरामाइनला तर ते जवळजवळ जमतच नाही, म्हणून तिथं नको ती रसायनं सर्वांत जास्त होतात. ओझोन वायू मात्र हे काम काही सेकंदांत उरकतो. शिवाय आधीच तुरटीनं गाळ बसवून पाणी वाळूतून गाळलं, तर चिकटायला पाल्याचा अंशही कमी उरतो.

तर मग भरपूर ओझोन सोडावा? थांबा, ब्रोमाइड विसरलात! जास्त ओझोननं त्याचं ब्रोमेट होतं, आणि ते घातक. जागतिक आरोग्य संघटनेनं त्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे, म्हणजे ग्रॅमचा एक लाखावा भाग. पण निसर्गानंच इथं एक सोय करून ठेवली आहे, मला तर ती फार आवडते. ओझोन आयोडाइडला ब्रोमाइडपेक्षा लाखो पट वेगानं भिडतो. त्यामुळे बेतानं, मोजून ओझोन दिला, तर आयोडाइडचं आयोडेट होऊन जातं आणि ब्रोमेट फारसं तयार व्हायच्या आतच ओझोन संपलेला असतो.