आधी दाटपणा, मग मशीन

बचत गट म्हटला की पूर्वी पापड, लोणची, शेवया एवढंच डोळ्यांपुढे यायचं. आता आपल्या मराठवाड्यातल्या मैत्रिणी मोसंबीचं सरबत, आवळ्याचं सिरप, आंब्याचा जॅम, मध असं कितीतरी बाटल्यांत भरून विकतात. जालन्याच्या मोसंबीला आणि मराठवाड्याच्या केसर आंब्याला तर भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. माल चांगला, लेबल झकास. पण बाटल्या भरायला अजूनही तांब्या आणि नरसाळं! शंभर-दोनशे बाटल्या भरता भरता कंबर मोडते. मग बैठकीत ठरतं, ‘मशीन घेऊ या.’

गटांच्या कामानिमित्त मी छत्रपती संभाजीनगरच्या आसपासच्या गावांत फिरते. अशाच एका गटानं कर्ज काढून मशीन आणलं. विक्रेत्यानं पाणी भरून दाखवलं होतं, बाटल्या भराभर भरल्या होत्या. घरी आणून आवळ्याचं सिरप ओतलं, तर नळीतून थेंब थेंब! हप्ते सुरू झाले आणि मशीन कोपऱ्यात झाकून पडलं. मशीन वाईट नव्हतं. ते पातळ मालासाठी होतं, इतकंच.

खरं तर दाटपणा ओळखायला आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. एकतारी आणि दोनतारी पाकातला फरक आपण बोटांनी सांगतो. मशीनही त्याच फरकावर निवडायचं असतं.

सरबतासारखा पाण्याइतका पातळ माल असेल, तर टाकी उंचावर ठेवून नुसत्या उतारानं भरणारं साधं मशीन पुरतं. माल पातळ पण फेस येणारा असेल, तर जादा माल आणि फेस परत टाकीत नेणारं मशीन बघावं. त्यात सगळ्या बाटल्या एकसारख्या पातळीपर्यंत भरतात. मध पाण्यापेक्षा हजारो पटींनी दाट. मध, तेल, दाट सिरप अशा गुठळ्या नसलेल्या मालाला पंपानं ढकलणारं मशीन चालतं. जॅम, सॉस, फोडी असलेली चटणी यांना मात्र पिस्टनचं मशीनच हवं. डॉक्टरांच्या सिरिंजसारखं ते ठरावीक माप ओढून घेतं आणि बाटलीत ढकलतं. फोडी असतील तर तोटीचं तोंड रुंद हवं. हातानं दांडा ओढून चालवायची छोटी पिस्टन मशीनंही मिळतात. वीज गेली तरी काम थांबत नाही.

विकत घ्यायच्या आधी घरी एक प्रयोग करा. नरसाळ्यातून वाटीभर पाणी जायला किती सेकंद लागतात ते मोजा, मग त्याच वाटीनं आपला माल ओतून मोजा. रंगाच्या कारखान्यात तळाला भोक असलेल्या कपानं असंच मोजतात. वेळ थोडाच वाढला तर माल पातळ. धारच तुटली किंवा माल अडकला तर उताराच्या मशीनचा विचार सोडा. हा प्रयोग ज्या तापमानाला बाटल्या भरणार, त्याच तापमानाला करा. गरम सिरप पातळ असतं, तेच थंडीतल्या सकाळी घट्ट होतं. उन्हाळ्यात चाललेलं मशीन म्हणूनच डिसेंबरमध्ये रडतं.

मापाकडेही लक्ष हवं. २०० मिलीच्या प्रत्येक बाटलीत १० मिली जास्त गेलं, तर शंभर बाटल्यांमागे एक लिटर, म्हणजे पाच बाटल्या फुकट वाटल्यासारख्या झाल्या. कमी गेलं तर गिऱ्हाईक तुटतं आणि वजनमापाच्या कायद्याचा बडगा वेगळाच. मध तर वजनावर विकतात. एक लिटर मधाचं वजन साधारण १.४ किलो भरतं, म्हणून ५०० ग्रॅम मधाला ५०० मिलीची बाटली अर्धवट रिकामी दिसते.

खाण्याच्या मालासाठी मशीन स्टेनलेस स्टीलचं असावं आणि ते खोलून धुता यावं. फिनाईल आणि सिरप एकाच मशीनमध्ये कधीही भरू नका, कितीही धुतलं तरी.

२०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत यंत्रसामग्रीसाठी ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली. पण अनुदान मिळतंय म्हणून मोठं मशीन घेऊ नये. उरलेलं कर्ज गटातल्या बायकांनाच फेडायचं असतं.

तेव्हा मैत्रिणींनो, दुकानात जाताना आपल्या मालाचा पाच लिटरचा डबा आणि रिकाम्या बाटल्या सोबत न्या. ‘पाणी नको भाऊ, हे भरून दाखवा,’ असं ठणकावून सांगा. दहा बाटल्या भरून घ्या, प्रत्येकीचं वजन करा, शेवटी मशीन धुवूनही दाखवायला सांगा. जो विक्रेता याला कुरकुरेल, त्याच्याकडे आगाऊ रक्कम देऊ नका.