नऊ मिनिटांचा अंधार आणि धरणाचं पाणी

5 एप्रिल 2020 ची रात्र तुम्हाला आठवत असेल. 9 वाजता 9 मिनिटं घरातले दिवे बंद करून पणत्या लावायच्या होत्या. आपण गच्चीत उभे होतो आणि देशभरातले वीज अभियंते श्वास रोखून बसले होते. देशाची विजेची मागणी सुमारे 12-13 हजार मेगावॅटने उतरेल असा अंदाज होता, ती प्रत्यक्षात 31 हजारांहून जास्त उतरली. तरी वीजजाळं कोसळलं नाही. ते सावरण्यात मोठा वाटा जलविद्युत केंद्रांचा होता. तो कसा, ते कळायला आधी पाण्यापासून वीज कशी होते ते पाहू.

पहिली गोष्ट, वीज धरणाच्या भिंतीत होत नाही. पाणी किती उंचीवरून खाली येतं आणि दर सेकंदाला किती येतं, या दोनच गोष्टींवर सगळा हिशोब असतो. 1 घनमीटर पाणी, म्हणजे 1 टन, दर सेकंदाला 1 मीटर खाली आलं तर त्यातून जास्तीत जास्त 9.8 किलोवॅट मिळतात. बस, एवढंच सूत्र.

आता हिमाचलमध्ये चला. सिमल्याहून किन्नौरकडे जाणारा रस्ता सतलजच्या काठाने जातो. फौजेतल्या अनेकांच्या तो पायाखालचा. तिथे नाथपा गावाजवळ धरण आहे, उंची फक्त 62 मीटरच्या आसपास. भाक्रा पाहिलेल्या माणसाला ते बंधाऱ्याएवढं वाटेल. पण तिथून पाणी डोंगराच्या पोटातल्या 27 किलोमीटर लांबीच्या बोगद्यात शिरतं. नदी उतारावरून खाली जात राहते, बोगदा मात्र जवळजवळ सपाट जातो. झाकडीला पोचेपर्यंत दोघांच्या पातळीत सुमारे 428 मीटरचा फरक पडतो. तिथे पाणी पोलादी नळांतून सरळ खाली, जमिनीच्या पोटातल्या वीजघरात. सेकंदाला 405 घनमीटर पाणी धरा आणि गुणाकार करा: साधारण 1,700 मेगावॅट येतात. यंत्रांमधली घट वजा केली की उरतात 1,500, आणि केंद्राची क्षमता तेवढीच आहे. आपल्या कोयनेचंही तसंच. धरण 103 मीटर उंचीचं, पण पाणी सह्याद्रीच्या पोटातून कोकणाच्या बाजूला पोफळीला उतरवलं, म्हणून त्याची ताकद कितीतरी पटींनी वाढली.

नळातून आलेलं पाणी टर्बाइनच्या चाकावर आदळतं. चाकाभोवती उघडझाप होणारी पाती असतात. ती थोडी मिटली की पाणी कमी, उघडली की जास्त. चाकाच्याच दांड्यावर जनरेटरचा रोटर बसवलेला असतो. रोटरवरचे विद्युतचुंबक तांब्याच्या वेटोळ्यांसमोरून फिरतात आणि वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. आपल्या देशात ती सेकंदाला 50 वेळा दिशा बदलून पुन्हा मूळ दिशेला यायला हवी. मिनिटाला 300 फेरे घेणारं यंत्र असेल तर रोटरवर चुंबकीय ध्रुवांच्या 10 जोड्या लागतात.

हा 50 चा आकडा नीट लक्षात ठेवा. जाळ्याला जोडलेले सगळे मोठे जनरेटर एकाच तालावर फिरतात, कवायतीतल्या पलटणीसारखे. मागणी अचानक घटली की यंत्रांवरचा भार हलका होतो, ती जोरात फिरू लागतात आणि ताल 50 च्या वर जातो. मागणी वाढली की उलट. ताल फार बिघडला तर यंत्रं स्वतःला वाचवण्यासाठी जाळ्यातून सुटतात, आणि एक सुटलं की बाकीच्यांवर ताण येतो. जाळं कोसळणं म्हणजे काय ते आपण जुलै 2012 मध्ये पाहिलंय. तेव्हा 60 कोटींच्या आसपास लोक अंधारात गेले होते. 2020 मध्ये तर रुग्णालयं कोविडच्या तयारीत होती.

कोळशाच्या केंद्राचा बॉयलर पटकन थंड-गरम करता येत नाही. बंद पडलं तर पुन्हा सुरू व्हायला कित्येक तास जातात. पाण्याचं तसं नाही. पाती मिटा, उघडा. काही मिनिटांत काम होतं. म्हणून त्या रात्री 9 च्या आधी जलविद्युत मुद्दाम भरपूर चालू ठेवली होती, अगदी राखीव दलासारखी. पावणेनऊपासून साधारण 25 मिनिटांत ती 25 हजार मेगावॅटवरून 8 हजारांवर आणली. बाकीची वजाबाकी मुख्यतः कोळसा आणि गॅसच्या केंद्रांनी केली. दिवे परत लागू लागले तसं पाणी पुन्हा सोडलं, आणि पुढच्या पाऊण तासाच्या आतच जलविद्युत 19 हजारांवर गेली. ताल या सगळ्या काळात 50 च्या आसपासच राहिला. माझ्या मते या कारवाईचं जेवढं कौतुक व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही.

अर्थात, हे राखीव दल बारा महिने हाताशी नसतं. सतलजच्या पाण्यात हिमालयातला गाळ येतो, आणि त्यातली गारगोटीची कणी पोलाद खरवडून काढते. नाथपाला बोगद्यात शिरण्याआधी पाणी जमिनीखालच्या अर्धा किलोमीटर लांब दालनांतून संथपणे नेतात, म्हणजे जाड रेती तळाला बसते. टर्बाइनच्या पात्यांवर टंगस्टन कार्बाइडचा कठीण लेप देतात. तरीही पुरात गाळ मर्यादेबाहेर गेला की केंद्र बंदच ठेवावं लागतं, म्हणजे नेमकं नदीला सर्वांत जास्त पाणी असतं तेव्हा.