सायकल जीपीएस संगणकाद्वारे डोंगरवाटांवरील मार्गशोधन

सायकल जीपीएस संगणक हे सायकलच्या हँडलवर बसवले जाणारे, उपग्रहांकडून येणाऱ्या संकेतांवरून स्वतःचे स्थान ठरवणारे छोटे उपकरण आहे. वेग, अंतर आणि चढाई यांची नोंद ठेवणे हे त्याचे मूळ काम. नकाशा दाखवणे आणि वळणाची सूचना देणे या सोयी त्यात नंतर आल्या. डांबरी रस्त्यावर नकाशा व उपग्रह या दोन्हींवर सहसा भिस्त ठेवता येते. डोंगरवाटेवर मात्र स्थान अचूक असूनही वाट चुकण्याचा प्रसंग येतो, कारण उपकरण 'तुम्ही येथे आहात' एवढेच खात्रीने सांगू शकते. 'येथून वाट आहे' हे त्याला नकाशा पुरवणाऱ्याने सांगितलेले असते. बीड जिल्ह्यातील शिरूर कासार तालुक्याचा परिसर हा या फरकाचे चांगले उदाहरण आहे.

स्थाननिश्चिती

जीपीएस ही अमेरिकेची प्रणाली असून तिचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. स्थान ठरवण्यासाठी किमान चार उपग्रहांचे संकेत लागतात: तीन मिती आणि चौथी वेळ, कारण उपकरणातील घड्याळ उपग्रहातील आण्विक घड्याळाइतके काटेकोर नसते. ही प्रणाली १९९५ साली पूर्णपणे कार्यान्वित झाली. परंतु नागरी वापराच्या संकेतांत हेतुपुरस्सर घातलेला दोष मे २००० मध्ये काढून टाकल्यावरच ती पायवाट शोधण्याच्या उपयोगाची झाली. आजची अनेक उपकरणे जीपीएसबरोबर रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बैदू या प्रणालींचेही संकेत घेतात. काहींत भारताच्या नाविक प्रणालीची सोय असते. मोकळ्या आकाशाखाली चूक साधारणपणे काही मीटरचीच राहते.

सह्याद्रीच्या खोल घळीत किंवा दाट रानात संकेत कड्यांवरून परावर्तित होतात आणि नोंदलेली रेषा भरकटते. बालाघाटाच्या बोडक्या, ठेंगण्या टेकड्यांवर ही अडचण क्वचितच येते. तेथे आकाश मोकळे असते. अपुरा असतो तो नकाशा.

ट्रॅक, रूट आणि खूणबिंदू

उपकरणात मार्ग भरण्यासाठी बहुधा जीपीएक्स प्रकारची फाइल वापरतात. हे स्वरूप २००२ पासून प्रचलित आहे. त्यात तीन प्रकारची माहिती असते आणि त्यांची गल्लत हे वाट चुकण्याचे नेहमीचे कारण आहे. ट्रॅक म्हणजे जवळजवळच्या बिंदूंची सलग माळ; कोणीतरी प्रत्यक्ष केलेल्या प्रवासाची नोंद बहुधा याच स्वरूपात असते. रूट म्हणजे केवळ मोजकी ठिकाणे. त्यांमधील वाट उपकरण आपल्या नकाशावरून स्वतः जोडते. खूणबिंदू म्हणजे पाणवठा, देऊळ, फाटा यांसारखे एकेकटे ठिकाण.

नकाशात वाटच नसेल तर रूट जवळच्या डांबरी रस्त्याकडे ओढला जातो आणि टेकडीला पाच-दहा किलोमीटरचा वळसा पडतो. म्हणून डोंगरवाटेसाठी ट्रॅक वापरावा आणि मार्ग चुकल्यास आपोआप नवा मार्ग आखण्याची सोय बंद ठेवावी, हे बरे. ट्रॅक नोंदवतानाही बिंदूंमधील अंतर पाहावे लागते. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल सेकंदाला सुमारे चार मीटर पुढे जाते. दर पाच सेकंदांनी एक बिंदू नोंदला तर दोन बिंदूंत २० मीटरहून अधिक अंतर पडते आणि नागमोडी उताराची वळणे सरळ रेषेत कापली जातात. मागाहून येणाऱ्याला मग ही रेषा थेट घळीच्या काठावरून गेलेली दिसू शकते.

शिरूर कासार परिसर

शिरूर कासार हे सिंदफणा नदीच्या काठचे तालुक्याचे गाव आहे. उपकरणात ठिकाण शोधताना 'कासार' हा शब्द गाळला की पुणे जिल्ह्यातील घोडनदीकाठचे शिरूर पुढे येते. लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आहेच. त्यामुळे नावापेक्षा अक्षांश-रेखांश जपून ठेवणे अधिक सुरक्षित. या अक्षांशावर एका अंशाचा दशांश भाग चौथ्या स्थानापर्यंत लिहिला तर सुमारे ११ मीटरपर्यंत नेमकेपणा येतो.

तालुक्याच्या पश्चिमेस अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी, दक्षिणेस पाटोदा तालुका आहे. बालाघाटाच्या रांगेतून सिंदफणा, मांजरा यांसारख्या गोदावरीच्या उपनद्या निघतात, तर रांगेच्या दुसऱ्या बाजूचे पाणी सीनेमार्फत भीमेला मिळते. माथ्यावरचे माळरान सपाट असल्याने हा जलविभाजक डोळ्यांना जाणवत नाही. चुकीचा ओढा धरून उतरणारा सायकलस्वार वाट सोपी होत गेल्याच्या समाधानात दुसऱ्याच खोऱ्यात पोहोचतो. अशा वेळी उपकरणावरील समोच्च रेषा आणि ओढ्यांच्या निळ्या रेषा रस्त्यांच्या जाळ्यापेक्षा अधिक कामास येतात.

सायकल संगणकांतील बरेच नकाशे ओपनस्ट्रीटमॅप या २००४ साली सुरू झालेल्या स्वयंसेवी प्रकल्पावर आधारलेले असतात. जेथे नोंद करणारे हात कमी, तेथे त्यात पाणंद, शीव रस्ता, गाडीवाट, गुरांची वाट यांचा अभाव जाणवतो. उपग्रहचित्रावरून त्या रेखाटता येतात. पण वेड्या बाभळीने मधेच बुजलेली वाट आणि चालू वाट यांतला फरक चित्रात दिसेलच असे नाही. महसुली गाव नकाशा येथे उपयोगी पडतो. त्यात गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने व पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखवण्याची पद्धत आहे. कागदी गाव नकाशावर अक्षांश-रेखांश नसल्याने विहीर, देऊळ, तिवाटा अशा खुणांवरून तो उपग्रहचित्राशी जुळवून घ्यावा लागतो. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशेही ताडून पाहता येतात.

वाट विचारणे हा सर्वांत जुना उपाय. मात्र शिरूर कासार हा ऊसतोड मजुरांचा तालुका आहे. दसरा-दिवाळीनंतर अनेक कुटुंबे कारखान्यांच्या पट्ट्यात जातात आणि हंगाम संपेपर्यंत वाड्या-वस्त्या ओस पडतात. सायकलभ्रमंतीसाठी हवा नेमकी याच महिन्यांत चांगली असते. ज्या काळात माळावर वाट सांगणारे माणूस भेटण्याची शक्यता कमी, त्याच काळात परका सायकलस्वार येतो. म्हणून येथे आधी तयार केलेल्या ट्रॅकचे महत्त्व इतर ठिकाणांहून जास्त आहे.

उंचीची नोंद

हवेच्या दाबावरून उंची मोजणारी उपकरणे चढ-उताराचा फरक चांगला टिपतात, परंतु दाब दिवसभर स्थिर नसतो. उष्ण कटिबंधात तो सकाळी दहाच्या सुमारास वाढलेला आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला असतो. हा फरक साधारण तीन ते चार हेक्टोपास्कल भरतो. एक हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे नऊ मीटर. त्यामुळे सकाळी निघून दुपारी त्याच पारावर परतलेल्या सायकलस्वाराला तो पार २५ ते ३५ मीटर उंच झालेला दिसू शकतो. उपकरण बिघडलेले नसते. ज्ञात उंचीच्या ठिकाणी आकडा पुन्हा जुळवून घेतला की पुरते.

वापरातील खबरदारी

पडद्यावरील बाण सायकलच्या किंचित मागे असतो आणि चुकीच्या फाट्याची सूचना काही मीटर पुढे गेल्यावरच मिळते. उतारावर म्हणून फाट्याआधी वेग कमी करावा लागतो. सूचना आल्यावर शेतातून आडवे कापून ट्रॅकवर परतण्याचा मोह होतो, तो टाळावा. पीक तुडवले जाते हे एक. दुसरे अधिक गंभीर: या भागात बिनकठड्याच्या विहिरी आणि शेततळी आहेत आणि उंच वाढलेल्या पिकात किंवा गवतात त्या अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी ओढलेल्या तारांचाही धोका असतो. आल्या वाटेने शेवटच्या खात्रीच्या फाट्यापर्यंत मागे जाणे हाच योग्य मार्ग. बहुतेक उपकरणांत आलेला ट्रॅक उलटा दाखवण्याची सोय त्यासाठीच असते.

पावसाळ्यात काळी माती चाक व चौकट यांच्यात गच्च बसते आणि कोरड्या ऋतूत तासाभरात होणारी वाट दोन-तीन तास खाते. उपकरणाने वर्तवलेली पोहोचण्याची वेळ ही गोष्ट जाणत नाही. नकाशा आधीच उपकरणात उतरवून ठेवावा, कारण खोऱ्यात मोबाइलचा संपर्क तुटतो. उपग्रहांचे संकेत मात्र मोबाइल जाळ्यावर अवलंबून नसतात. उन्हाळ्यात उभ्या सायकलवर उन्हात राहिलेले उपकरण तापून बंद पडू शकते. ट्रॅकची छापील प्रत आणि पाण्याच्या जागांची हाताने लिहिलेली यादी खिशात असलेली बरी.

ट्रॅक आखताना पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्याची हद्दही पाहावी लागते. १९९४ साली घोषित झालेल्या या अभयारण्यात सार्वजनिक महामार्ग सोडून आतल्या वाटांनी जाण्यास वनविभागाची परवानगी लागते. दुसऱ्याने महाजालावर टाकलेला ट्रॅक अशा हद्दीतून किंवा खासगी शेतातून गेलेला असू शकतो. तो तेथे उपलब्ध आहे यावरून जाण्याचा हक्क सिद्ध होत नाही.