भाटघरला शीड का नाही?

भोरला वीकेंड ट्रिप काढली की भाटघरच्या बॅकवॉटरपाशी ग्रुपमधला एक तरी म्हणतोच, 'इथे सेलिंग रेस हवी यार!' मलाही तसंच वाटायचं. वारा आहे, पाणी आहे, मग अडलंय कुठे?

अडलंय कीलपाशी. कील म्हणजे बोटीच्या तळाखालचं जड पातं. वाऱ्याने बोट कलंडू नये म्हणून ते असतं. पाच जणांच्या जे-२४ला पाण्याखाली चार फूट खोली लागते. भाटघर पडलं शेतीचं धरण. उन्हाळ्यात पाणी इतकं उतरतं की बुडालेलं कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं. कील थेट महादेवाच्या दारात! राजगड तालुक्यातलं पानशेत, वरसगावही तसंच उतरतं. ते पाणी खडकवासल्यातून तुमच्या-आमच्या नळाला येतं ना.

कॉलेजची रेगाटा पुण्यात आहे, पण वल्ह्यांची. सीओईपीची, १९२८पासून. इंजिनिअरिंगची पोरं-पोरी मुळेत पंट आणि कयाक घेऊन अशी काही फॉर्मेशन्स करतात, की काठावर शिट्ट्या थांबत नाहीत. सराव मात्र त्याच मुळेत, जिथे जलपर्णी आणि सांडपाणी आहे. आपण पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावतो, ही मंडळी तिथे तासन्‌तास वल्ही मारतात. मला खरा दम तिथेच दिसतो.

शीडच बघायचंय? मुंबई गाठा. गेटवेसमोर रॉयल बॉम्बे यॉट क्लबच्या लाकडी सीबर्ड दिसतील, अस्सल कीलबोटी. फक्त पावसाळ्यात जाऊ नका, तेव्हा त्या पाण्याबाहेर असतात.