कुठला पत्ता कुठल्या ढिगात?

बांबू हे झाड की गवत? प्रश्न शाळेतल्या परीक्षेतला वाटेल. वनस्पतिशास्त्र म्हणतं, गवत. पण 1927च्या भारतीय वन कायद्यानं बांबूला झाडांच्या व्याख्येत बसवलं होतं, आणि जंगलातलं झाड म्हटलं की ते वनखात्याचं. 2006च्या वनहक्क कायद्यानं त्याच बांबूला गौण वनउपजात घातलं, म्हणजे तेंदूपत्त्याच्या रांगेत. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू बाहेर नेण्याच्या परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला 27 एप्रिल 2011 उजाडला. ते द्यायला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले होते. जुन्या कायद्यातली व्याख्या तर 2017 साली बदलली. वस्तू एकच, पण ती कुठल्या रांगेत बसवली यावर गावाची रोजी ठरत होती.

हे सगळं मला आठवतं, कारण वस्तूंच्या रांगा लावून घेणं हेच माझं काम आहे. एखादं संकेतस्थळ करायचं तर कुठली माहिती कुठल्या मथळ्याखाली ठेवायची, हे आधी ठरवावं लागतं. त्यासाठी एक साधी रीत आहे. एकेका पत्त्यावर एकेक विषय लिहायचा, पत्ते लोकांपुढे टाकायचे आणि सांगायचं, ‘तुम्हाला जे एकत्र वाटतं त्याचे ढीग करा, आणि ढिगाला नाव द्या.’ इंग्रजीत याला कार्ड सॉर्टिंग म्हणतात. पत्ते लावून घेणं सोपं आहे. लागलेले पत्ते वाचणं मात्र अवघड.

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या वनउपजाची माहिती मांडायची होती, तेव्हा मी असे पत्ते घेऊन फिरलो. कार्यालयातल्या बाबूंनी मोहफूल आणि मोहाच्या बिया एकाच ढिगात ठेवल्या. नाव दिलं, ‘मोह’. गावातल्या बायांसाठी पत्त्यांवर चित्रं काढली होती. त्यांनी मोहफूल तेंदूपत्त्याजवळ ठेवलं आणि बिया दूर सारल्या. मी कारण विचारलं, तर एक आजी म्हणाली, ‘फूल होळीच्या मागंपुढं पडते, बी पाणी लागता लागता. एका टोपल्यात कसं ठेवावं जी?’ तिचे ढीग हंगामाचे होते. त्यात वेचणीचं अख्खं वर्ष मांडलेलं होतं.

आता हिशेब पाहा. निकाल मांडताना प्रत्येक जोडी किती जणांनी एकत्र ठेवली ते मोजतात. समजा, दहा बाबू आणि दहा बाया बसल्या. फूल आणि बी ही जोडी वीसपैकी दहा जणांनी एकत्र ठेवली, म्हणजे 50 टक्के. नुसता आकडा पाहणारा म्हणेल, लोकांचा गोंधळ आहे. प्रत्यक्षात गोंधळ कुणाचाच नाही. दोन पक्क्या रीती आहेत आणि सरासरीनं दोन्ही पुसून टाकल्या. म्हणून पहिला नियम असा, की बेरीज करण्याआधी गट वेगळे करून पाहावेत.

दुसरा नियम, शब्दांच्या सारखेपणाला फसू नये. ‘वनहक्क दावा’, ‘वनमजुरी’ आणि ‘वनउपज विक्री’ असे पत्ते असले, की पुष्कळ जण ‘वन’ हा शब्द पाहूनच ते एकत्र ठेवतात. तो ढीग विचारातून आलेला नसतो, अक्षरांतून आलेला असतो. शब्द बदलून पुन्हा विचारावं.

तिसरा नियम, ‘इतर’ नावाचा ढीग कधी फेकू नये. तिथे पडलेला पत्ता एक तर लोकांना कळलेला नसतो, किंवा त्याला आपण जागाच ठेवलेली नसते. दोन्ही गोष्टी आपल्याच चुका दाखवतात.

आणि सगळ्यांत मोठा नियम, ढीग चुकीचा वाटला तरी माणसाला अडाणी ठरवू नये. पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात जोसेफ ग्लिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं क्पेले शेतकऱ्यांपुढे वीस वस्तू ठेवल्या होत्या. अपेक्षा अशी, की ते खाद्यपदार्थ, भांडी, कपडे, अवजारं असे चार ढीग करतील. शेतकरी मात्र सुरी संत्र्याजवळ ठेवत, कारण सुरीनं संत्रं कापतात. शहाणा माणूस असंच लावील, असं ते म्हणत. शेवटी त्यांना विचारलं, ‘मूर्ख माणूस कसं लावील?’ तेव्हा त्यांनी झटकन अपेक्षित चार ढीग लावून दाखवले! ती रीत त्यांना येत होती. त्यांच्या कामाची वाटत नव्हती, इतकंच.

म्हणून मी हल्ली ढिगापेक्षा ढीग लावतानाचं बोलणं जास्त टिपून घेतो. पत्ता उचलून कुणी थबकलं, दोन ढिगांमध्ये हात घुटमळला, की तिथेच प्रश्न विचारतो. आमच्या त्या कामात शेवटी दोन वाटा ठेवल्या, एक वस्तूच्या नावानं आणि दुसरी हंगामानं. बिया दोन्हीकडे सापडतात. मग ‘मोहाच्या बियांची माहिती काढून दाखवा’ असं सांगून लोकांना प्रत्यक्ष शोधायला लावलं. कारण पत्ते फक्त एवढंच सांगतात, की माणूस कुठे शोधायला जाईल. तिथे त्याला ते सापडतं की नाही, हे वेगळं तपासावंच लागतं.

कायदा असो, दप्तर असो की संकेतस्थळ, कुणीतरी कधीतरी ढीग लावलेलेच असतात. ज्यांना त्या ढिगांतून आपली गोष्ट शोधायची आहे, त्यांना लावण्याआधी एकदा विचारलेलं बरं.