खेळांसाठी कोणती कार्यप्रणाली निवडावी?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या कार्यप्रणालीची नित्याची देखभाल थांबविली. काही ग्राहकांना वर्षभराची मुदतवाढ मिळाली खरी. परंतु विंडोज ११ साठी लागणारी सुरक्षा-चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर ज्यांत नाही, असे असंख्य संगणक धडधाकट असूनही त्या दिवसापासून निवृत्तीच्या यादीत गेले. यांपैकी पुष्कळ यंत्रे मध्यमवर्गीय घरांतील आहेत. दिवसा त्यांवर हिशेब आणि अभ्यास होतो, व रात्री घरातील मुले खेळतात. अशा घरांत आता दोन प्रश्न उभे राहिले आहेत. नवा संगणक घ्यावा, की आहे त्यावरच दुसरी कार्यप्रणाली बसवावी? आणि बसविल्यास मुलांचे खेळ चालतील काय?

उत्तर शोधण्यापूर्वी कार्यप्रणाली खेळासाठी नेमके काय करते, हे पाहिले पाहिजे. संगणकात प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स कार्ड, ध्वनीचे साधन, कळफलक अशी अनेक अंगे असतात. जुन्या संस्थानांत काम घेऊन आलेल्या माणसाला थेट खजिन्यात किंवा पागेत शिरता येत नसे. त्याचा अर्ज दिवाणाच्या कचेरीतून जाई. कार्यप्रणाली ही संगणकातील अशी कचेरी होय. खेळाला पडद्यावर एखादे झाड काढावयाचे असेल, तर तो कार्यप्रणालीला ठरलेल्या भाषेत विनंती करतो, आणि ती विनंती ग्राफिक्स कार्डापर्यंत पोहोचते. पडद्यावरील हालचाल सलग दिसावी म्हणून सबंध चित्र सेकंदाला साठ वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा, नव्याने काढावे लागते. विनंतीची भाषा मात्र प्रत्येक कचेरीत निराळी असते. एका कार्यप्रणालीसाठी लिहिलेला खेळ दुसरीवर आपोआप चालत नाही, याचे मुख्य कारण हेच.

१९८१ साली आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाबरोबर आलेल्या डॉस या प्रणालीत ही कचेरी अगदीच लहान होती. खेळ तिला ओलांडून सरळ यंत्राशी बोलत. त्यामुळे वेग मिळे. पण ध्वनीचे कार्ड कोणते, ते कोणत्या क्रमांकावर बसविले आहे, हे खेळणाऱ्याला स्वतः सांगावे लागे, आणि ६४० किलोबाइटांच्या मूळ मेमरीत खेळापुरती जागा मोकळी करण्यासाठी बरीच खटपट करावी लागे. १९९५ साली विंडोज ९५ आले आणि त्याच वर्षी डायरेक्टएक्स हा संच निघाला. यंत्र कोणतेही असो, खेळाने डायरेक्टएक्सच्या भाषेत सांगावे आणि पुढचे काम त्या त्या कार्डाच्या ड्रायव्हरने करावे, अशी ही सोय होती. खेळ तयार करणाऱ्यांचा विंडोजवर विश्वास बसावा म्हणून मायक्रोसॉफ्टने १९९३ सालचा गाजलेला ‘डूम’ हा खेळ आपल्याच माणसांकरवी विंडोजवर आणला. त्या कामाचे प्रमुख होते गेब न्यूवेल.

तेथून एक चक्र सुरू झाले. खेळणारे विंडोजवर म्हणून खेळ विंडोजसाठी, आणि खेळ विंडोजसाठी म्हणून खेळणारे विंडोजवर. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा पुराणकथांवर बेतलेला ‘राजी’ हा खेळ २०२० साली प्रथम निन्टेंडो स्विच या खेळयंत्रावर आला. त्याच वर्षी तो संगणकावर आला, तो विंडोजसाठी. लहान संस्थांना प्रत्येक कचेरीच्या भाषेत खेळ पुन्हा लिहिणे परवडत नाही. स्टीम या खेळविक्रीच्या दुकानाने ऑक्टोबर २०२५ मध्ये केलेल्या पाहणीत सुमारे ९५ टक्के संगणक विंडोजचे आढळले. लिनक्सचे तीन टक्क्यांहून किंचित अधिक, तर अॅपलच्या मॅकचे दोन टक्क्यांच्या आसपास.

या चक्राला छेद देण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न त्याच न्यूवेल यांच्या हातून झाला. १९९६ साली मायक्रोसॉफ्ट सोडून त्यांनी माइक हॅरिंग्टन यांच्यासह व्हॉल्व्ह ही कंपनी काढली. स्टीम हे दुकान तिचेच, ते २००३ साली सुरू झाले. पुढे २०१२ साली विंडोज ८ बरोबर मायक्रोसॉफ्टने स्वतःचे दुकान मांडले, तेव्हा न्यूवेल यांनी त्या प्रणालीवर उघड टीका केली. ज्याच्या जागेत दुकान चालते, तोच शेजारी दुसरे दुकान घालू लागला, तर पहिल्या दुकानदाराने स्वतःची जागा शोधावी हे ओघानेच आले. ती जागा म्हणजे लिनक्स. फिनलंडमध्ये विद्यार्थी असताना लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली आरंभिलेली ही प्रणाली विनामूल्य असून कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही. २०१३ साली स्टीम लिनक्सवर आले. २०१५ साली त्यावर आधारलेली खेळयंत्रे बाजारात आली. परंतु लिनक्ससाठी लिहिलेले खेळच थोडे, त्यामुळे ती चालली नाहीत.

मग वाट बदलण्यात आली. खेळ पुन्हा लिहून घेण्याऐवजी मध्ये एक दुभाष्या बसविण्याचे ठरले. १९९३ पासून वाइन नावाचा प्रकल्प विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालविण्याची खटपट करीत होता. त्याच्या पायावर ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन हे साधन प्रसिद्ध झाले. खेळ डायरेक्टएक्सच्या भाषेत विनंती करतो. प्रोटॉन ती २०१६ साली निघालेल्या व्हल्कन या सर्वांसाठी खुल्या असलेल्या भाषेत उतरवून ग्राफिक्स कार्डाकडे धाडतो. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. विंडोज असो वा लिनक्स, आतील प्रोसेसर एकाच जातीचा असतो. म्हणून खेळाच्या बहुतांश आज्ञा जशाच्या तशा चालतात. भाषांतर होते ते केवळ कचेरीकडे केलेल्या विनंत्यांचे. म्हणूनच अनेक खेळांत वेग फारसा घटत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये निघालेला स्टीम डेक हा हातात धरून खेळावयाचा संगणक याच व्यवस्थेवर चालतो.

परंतु या दुभाष्याची मर्यादाही स्पष्ट आहे. अनेकांनी जाळ्यावर एकत्र खेळावयाच्या स्पर्धात्मक खेळांत लबाडी रोखण्यासाठी पहारेकरी प्रोग्राम असतात. ‘व्हॅलोरंट’ या २०२० सालच्या खेळाचा पहारेकरी विंडोजच्या थेट गाभ्यात, संगणक सुरू होतानाच, ठाण मांडतो. लिनक्सवर तो खेळ चालत नाही. इतर काही पहारेकऱ्यांनी २०२१ साली प्रोटॉनला वाट करून दिली; तथापि ती वाट उघडावी की नाही, हे प्रत्येक खेळाच्या मालकाने ठरवावयाचे असते. ‘फोर्टनाइट’च्या मालकांनी ती उघडली नाही. ‘एपेक्स लेजंड्स’च्या मालकांनी उघडलेली वाट लबाडीचे कारण देऊन २०२४ साली पुन्हा बंद केली, आणि लिनक्सवर खेळणाऱ्यांचा तो खेळ गेला. प्रामाणिकपणे खेळणाऱ्याला पहारा हवा असतो, यात शंका नाही. परंतु ज्या यंत्रावर घरातील बँकेचे व्यवहार होतात, त्याच्या गाभ्यात एका खेळाला सर्वाधिकार द्यावेत काय, याचा विचार पालकांनी विंडोजवरही करावयास हवा.

अॅपलच्या मॅकची गोष्ट वेगळी. यंत्र उत्तम, पण जुन्या खेळांविषयी कंपनीला ममत्व नाही. २०१९ सालच्या कॅटलिना या आवृत्तीत ३२-बिटांचे सर्व प्रोग्राम बंद पडले, आणि विकत घेतलेले अनेक खेळ एका सुधारणेसरशी निरुपयोगी झाले. २०२० पासून तर मॅकचा प्रोसेसरही निराळ्या जातीचा झाला. त्यामुळे विंडोजचा खेळ तेथे चालवावयाचा, तर विनंत्यांबरोबर आज्ञांचेही भाषांतर करावे लागते. मॅकसाठी खास तयार केलेले काही मोठे खेळ चांगले चालतात. तथापि केवळ खेळासाठी मॅक घेणे शहाणपणाचे नव्हे.

आता निवडीविषयी. यंत्र घेणारा गृहस्थ बहुधा प्रथम संगणक ठरवितो, मग कार्यप्रणाली, आणि शेवटी मुलाला विचारतो की, तुला खेळावयाचे काय? हा क्रम उलटा हवा. घरात खेळल्या जाणाऱ्या पाच-सहा खेळांची यादी प्रथम करावी. तीत पहारेकरी असलेले स्पर्धात्मक खेळ असतील, तर विंडोज ११ ला आज पर्याय नाही, आणि त्यासाठी लागणारा खर्चही अटळ आहे. यादीत एकट्याने खेळावयाचे खेळ अधिक असतील, तर खर्च करण्यापूर्वी लिनक्स अवश्य करून पाहावे. प्रत्येक खेळ लिनक्सवर कसा चालतो, याचे खेळणाऱ्यांनी नोंदविलेले अनुभव प्रोटॉन-डीबी या सूचीत मिळतात. कार्ड एएमडीचे असेल तर त्याचा ड्रायव्हर बहुधा लिनक्सबरोबरच येतो. एनव्हिडियाचा अनेकदा वेगळा बसवावा लागतो. जुन्या खेळांच्या शौकिनांनी एवढे लक्षात ठेवावे की, आजच्या ६४-बिटांच्या विंडोजवर १६-बिटांचे प्रोग्राम मुळीच चालत नाहीत, तर वाइनमध्ये त्यांतील अनेक चालतात. आणि डॉसच्या काळातील खेळांसाठी डॉसबॉक्स हे विनामूल्य साधन तिन्ही प्रणालींवर उपलब्ध आहे.

चाचणीला पैसाही लागत नाही. लिनक्स पेन ड्राइव्हवर उतरवून, हार्ड डिस्कला हात न लावता, संगणक त्यावरून सुरू करता येतो. पडदा, ध्वनी आणि जाळ्याची जोडणी नीट चालते की नाही, हे तासाभरात कळते. समाधान झाल्यावर, कागदपत्रे आणि छायाचित्रे यांची प्रत दुसरीकडे ठेवून, मगच ती कायमची बसवावी. हार्ड डिस्कवर पुरेशी जागा असल्यास विंडोज आणि लिनक्स शेजारी शेजारी नांदू शकतात. मात्र देखभाल थांबलेल्या विंडोजवर बँकेचे व्यवहार करू नयेत. नवा खेळ स्टीमवरून घेतला आणि तो चालला नाही, तर चौदा दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असल्यास, पैसे परत मागता येतात. एवढे करूनही यादीतील खेळ चालले नाहीत, तर नव्या यंत्रासाठी पैसे काढावेत.