इंद्रायणीकाठची साक्ष

पिंपरी-चिंचवडमध्ये मराठी ख्रिस्ती घरं आली ती बहुतेक पोटासाठी. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. 1962 मध्ये स्थापन झालेल्या एमआयडीसीने पुढे इथल्या माळरानावर प्लॉट पाडले, टेल्को आणि बजाजची भरती निघाली, आणि 1972 च्या दुष्काळाने नगर, बीड, जालन्याकडची माणसं इकडे रेटली. त्यांत अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत वाढलेली कुटुंबं होती. ट्रंकेत पवित्र शास्त्र आणि ‘उपासना संगीत’. नावं शमुवेल, दानीएल, मार्था, रूथ. आडनावं मात्र साळवे, गायकवाड, शिंदे अशी गावाकडचीच.

या पट्ट्यातल्या ख्रिस्ती श्रद्धेचा माग काढायचा तर मी चर्चच्या कोनशिला शोधत बसणार नाही, देहूला जाईन. ही माणसं जी गीतं गात आली त्यांतली कितीतरी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची, आणि टिळक ख्रिस्ताकडे गेले ते तुकोबांचं बोट धरून. ते स्वतःच तसं सांगत. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही हट्टाने भारतीय पाळकाच्या हातून. या निर्णयाने त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या संसाराचं काय झालं ते बाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनात आहे. नवी ओळख एकाला मिळते तेव्हा घरातल्या दुसऱ्याला ती सोसावी लागते, हे त्यांच्याइतकं खरेपणाने मराठीत कुणी लिहिलेलं नाही. पुढे 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, पण तो स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वेळेला.

टिळक बाप्तिस्म्यापाशीच थांबले नाहीत. 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ भरवला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्यात जागा होती. दोन वर्षांतच ते गेले, पण ख्रिस्ताचं होण्यासाठी मराठीपण टाकावं लागत नाही, हा त्यांचा आग्रह गीतांतून टिकला. पिंपरीच्या चाळीत पोचला तो याच वाटेने.

त्या चाळीतली ‘कॉटेज मीटिंग’ ज्याने पाहिली त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी पुष्कळदा गुरुवारी. रविवारी सकाळी उपासनेच्या वेळेला माणूस पहिल्या पाळीत मशीनवर उभा. मग संध्याकाळी कुणाच्या तरी दहा बाय बाराच्या खोलीत सतरंजी पडायची. कॉट भिंतीला उभी करायची, चपलांचा ढीग जिन्यापर्यंत जायचा. पेटी, ढोलकी, दोन गीतं, एक वचन, आणि मग साक्ष. कुणी दारू सुटल्याचं सांगे, कुणी ले-ऑफच्या महिन्यांत मन कसं धरून राहिलं ते. शेजारची बाई उंबऱ्यात टेकून ऐके, चहाला दूध कमी पडलं तर आपल्याकडचं आणून देई. तिला कुणी काही विकत नव्हतं. विश्वास दुसऱ्यापर्यंत पोचवण्याची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही: माणूस आपल्या आयुष्यात घडलेलं सांगतो आणि ऐकणाऱ्याला मोकळं सोडतो. आमिष दाखवून किंवा धाक घालून जे होतं त्याला मी साक्ष म्हणत नाही. पण सांगणंच गुन्हा ठरवू नये. घटनेच्या 25 व्या कलमात धर्माच्या प्रचाराचा हक्क आहे, आणि दुसऱ्याचं धर्मांतर घडवणं हा त्या हक्काचा भाग नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये सांगितलं आहे.

नवी ओळख घेण्याचा विचार या भागात केवळ ख्रिस्ती वस्तीत चालू नव्हता. 25 डिसेंबर 1954 रोजी, ऐन नाताळात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. पुढे शेजारशेजारच्या खोल्यांत एक घर बौद्ध आणि एक ख्रिस्ती, दोघांचे आजे एकाच महारवाड्यातले, असंही दिसे. दोघांनाही जातीने लादलेलं नाव उतरवायचं होतं. कागदावर मात्र दोघांचा हिशेब वेगळा झाला. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. म्हणून पोराच्या शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू’ आणि रविवारी मंडळीत पहिल्या बाकावर, अशी दुहेरी जिणी जगली गेली. अशा बापाला ढोंगी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. पोराची फी आणि आपला प्रभू यांतलं एक निवडायला त्याला सरकारी रकान्याने लावलं. न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग या प्रश्नासाठी 2022 मध्ये नेमला गेला, म्हणजे आदेशानंतर बहात्तर वर्षांनी.

आता कारखान्यांचा गुरुत्वमध्य चाकणकडे सरकला आहे. 2009 च्या सुमारास फोक्सवॅगन, मर्सिडीज आली, मागोमाग महिंद्रा. भरती कायम कामगाराची राहिली नाही, कंत्राटी झाली. म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडीच्या भाड्याच्या खोल्यांत आठ-आठ पोरं राहतात. झारखंड, ओडिशाकडून आलेल्यांत ख्रिस्ती आदिवासीही आहेत. त्यांची प्रार्थना हिंदीत, कधी सादरी बोलीत होते. पिंपरीतल्या जुन्या मंडळ्यांतली नातवंडंही आता गिटारवर हिंदी गीतं गातात, आणि टिळकांची गीतं मयताला तेवढी निघतात. हे मला खुपतं. पण त्याहून जास्त खुपतं ते हे, की पन्नास वर्षांपूर्वी परक्या गावात सतरंजी टाकून एकमेकांना सावरणाऱ्या मंडळ्यांनी चाकणच्या या पोरांच्या खोल्यांपर्यंत अजून पुरेशी पायपीट केलेली नाही. पिंपरीहून अंतर तासाभराचं आहे. मराठी मंडळ्यांनी तिथे जावं, त्यांच्या भाषेतली दोन गीतं शिकावीत, आणि येताना त्यांच्याकडून साक्ष ऐकून यावं.